व्हॅलेंटाईन डे : संगम आणि अर्ज

व्हॅलेंटाईन हा इंग्रज नव्हता, एवढं एकच वाक्य मी बोललो होतो. तेसुद्धा तर्री-पोहे खाताना, तोंडात घास असताना आणि कोणी काही विचारलेलं नसताना. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाची ही खोडच असते. समोर चूक दिसली की हात आपोआप खडू शोधायला लागतो.

चूक चंद्रभानजींची होती. चंद्रभानजी म्हणजे नागपूरच्या हुडकेश्वर भागातल्या आमच्या लेआउटमधल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष. पूर्वी रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हिरवी झेंडी काही त्यांच्या हातातून सुटलेली नाही. कोणी काही म्हटलं की ते लगेच गाडी सोडून देतात.

"इंग्रज नव्हता, मंग कोण होता गा?" त्यांनी विचारलं.

"रोमचा होता."

"पक्कं?"

"पक्कं असं कोणालाच माहीत नाही. त्या नावाचे दोन-तीन जण होते."

"तीन-तीन व्हॅलेंटाईन!" चंद्रभानजींनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. "ऐका हो सगळे! फेब्रुवारीचं व्याख्यान सरांचं. चौदा तारखेले, शनिवारी सकाळी. डिसेंबरमध्ये मृत्युपत्र झालं, जानेवारीत गुडघे झाले, आता जरा प्रेम होऊन जाऊ द्या."

गाडी सुटली. मी डब्यातच होतो.

घरी येऊन सरिताला सांगितलं. सरिता म्हणजे माझी पत्नी. तीही शिक्षिका होती, गणिताची; त्यामुळे तिच्यासमोर कुठलीही गोष्ट सांगताना आपण फळ्यापाशी उभे आहोत आणि उत्तर चुकणार आहे असं मला आजही वाटतं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "प्रेमावर तुमी बोलणार? अर्धा तास?"

"उगमावर बोलणार. उगम आणि अर्थ."

"मंग ठीक आहे," ती म्हणाली आणि पुन्हा मेथीकडे वळली.

मी अभ्यासाला लागलो. आमची मुलगी मयुरा मिहानमधल्या एका कंपनीत आहे. तिनं फोनवर वाचायला इतकं पाठवलं की माझा चष्म्याचा नंबर वाढला असावा. आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की हा विषय साधा नाही. व्हॅलेंटाईन नावाचे एकाहून अधिक संत होऊन गेले, आणि त्यांतल्या नेमक्या कोणाचा हा दिवस, यावर एकमत नाही. त्यांच्याबद्दल खात्रीची माहिती इतकी थोडी की खुद्द रोमच्या चर्चनं एका टप्प्यावर त्यांचं नाव आपल्या मुख्य दिनदर्शिकेतून काढून टाकलं. म्हणजे सगळं जग ज्याच्या नावानं गुलाब घेऊन फिरतं, त्याचं नाव त्याच्याच ऑफिसच्या हजेरीपटावर नाही. मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. निवृत्त शिक्षकाची स्थिती याहून फार वेगळी नसते.

शिवाय त्याच्याही आधी, फेब्रुवारीच्या मध्यावर, रोमन लोकांचा एक जुना सण होता म्हणे. त्यात बकऱ्याचा बळी द्यायचे आणि त्याच्या कातड्याच्या पट्ट्या घेऊन तरुण पोरं गावभर पळायची, वाटेत दिसेल त्या बाईला हळूच फटका मारायची. त्यानं मूलबाळ होतं अशी समजूत. हे मी शेजारच्या जिजाबाईंना उत्साहानं सांगितलं. जिजाबाई आमच्या भिंतीला लागून राहतात, आणि आमच्याकडे बोललेलं त्यांना मुद्दाम सांगावं लागत नाही. तरी मी सांगितलं.

"सर, बाकी सारं सांगा, पण ते बकऱ्याचं नोका सांगू," त्या म्हणाल्या.

"काहून? अश्लील वाटतं का?"

"अश्लील नाही जी. सावजीचं जेवण आहे समजून लोकं डबे घेऊन येतील."

बकरा मी गाळला. पण रात्रंदिवस ह्या विषयात डोकं घातल्याचा एक परिणाम झाला. मला आमचे दिवस आठवायला लागले.

आमच्या वेळी प्रेम होतं, पण त्याला दिवस नव्हता. दिवस असता तर मोठी सोय झाली असती. निदान कोणत्या तारखेला घाबरायचं ते आधी कळलं असतं. टीव्ही नुकते रंगीत होत होते तेव्हाची गोष्ट. सरिता इंदोरा वस्तीतली, मी धरमपेठेतला, आणि आमची शाळा दोन्हीपासून सारख्याच गैरसोयीच्या अंतरावर. शाळा सुटली की आम्ही दोन सायकलींवर अंबाझरीला जायचो. एकत्र नाही. ती पुढे, मी मागे, मध्ये एवढी जागा की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस भलत्याच कामाला चालला आहे. तलावाच्या काठी बसायचो तेव्हाही आमच्यामध्ये दोघांच्या पिशव्या असत. याच दिवसांत, मृग बहराचा संत्रा बाजारात आलेला असायचा. ती संत्रं सोलायची, एकेका फोडीचे धागे काढायची आणि पिशव्यांच्या वर ठेवायची. मी उचलायचो. हातात हात कधी दिला नाही. फोड मात्र घेतली. इतकी वर्षं झाली, पण फेब्रुवारीत संत्र्याचा वास आला की मला अजूनही कोणी बघत तर नाही ना, असं वाटतं.

मग तिच्या बाबांना सांगायला गेलो. छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतलेला करारी माणूस. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मान देशील का पोरीले?" मी हो म्हणालो. त्यांनी चहा मागवला. विषय संपला.

आमच्या घरी विषय संपला नाही, कारण तो सुरूच झाला नाही. आई मी लहान असतानाच गेली होती. मला वाढवलं ते माझ्या मोठ्या बहिणीनं, शोभाताईनं. मला सायकल तिनंच शिकवली. ट्रॅफिक पार्कच्या रस्त्यावर मागून सीट धरून पळायची आणि सोडली तरी "धरलंय, धरलंय" असं ओरडत राहायची. तिचं लग्नही धरमपेठेतच झालं, त्यामुळे माझ्यावरची तिची नजर कधी हटली नाही. आम्ही कोर्टात लग्न केलं तेव्हा ताई भांडली नाही. भांडली असती तर चार महिन्यांत मिटलं असतं. आमच्या घरातली भांडणं त्याहून जास्त टिकत नाहीत. तिनं सरिताला साडी दिली, आशीर्वाद दिला, आणि आमच्या घरी यायचं तेवढं राहून गेलं. "येईन रे एकदा, फार लांब पडतं," असं ती दर दिवाळीला म्हणायची. ताई काशीला जाऊन आली, बद्रीनाथला जाऊन आली, मुलाबरोबर सिंगापूर पाहून आली. हुडकेश्वर मात्र लांब पडलं.

आम्ही तिच्याकडे जायचो. ती आगतस्वागत इतकं करायची की बसायला अवघड व्हायचं. परत येताना स्कूटरवर मागं बसलेली सरिता एकदा म्हणाली होती, "तुमच्या ताई मले अजून पाहुणीच समजतात. इतके वर्षं पाहुणी राहणं सोपं नाही हो. पाय आखडतात."

मी काही बोललो नव्हतो. स्कूटर चालवताना बोलू नये.

असो. व्याख्यानाकडे येतो.

चंद्रभानजींच्या गाडीला आता डबे जोडले जाऊ लागले. समाजभवन ठरलं. समाजभवन ठरल्यावर लाउडस्पीकर आला. लाउडस्पीकर आल्यावर परवानगी आली. परवानगी आणायला वक्त्यानंच जावं, कारण विषय काय आहे हे फक्त त्यालाच माहीत, असा ठराव मंडळानं माझ्या गैरहजेरीत केला.

ठाण्यातले हवालदार सभ्य होते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि कागद पुढे ओढला. "कार्यक्रम कशाचा? धार्मिक, राजकीय, सांस्कृतिक का घरगुती?"

"ऐतिहासिक," मी म्हणालो.

"तो रकाना नाही सर. विषय सांगा."

"व्हॅलेंटाईन डे."

त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "बाजूनं का विरोधात?"

"बाजूनं नाही, विरोधातही नाही. इतिहासाच्या अंगानं."

"अरे बापरे," हवालदार म्हणाले. "प्रेमाची भानगड झाली तर आमी मिटवतो सर, दोन्ही घरच्यांना बोलावतो. इतिहासाची झाली तर मिटत नाही. हे व्हॅलेंटाईन इथं येणार आहेत का?"

"नाही. ते वारले."

"अरेरे. कशानं?"

"मुंडकं उडवलं," मी म्हणालो, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून घाईनं पुढे जोडलं, "तिसऱ्या शतकात. रोममध्ये."

"मंग आपल्या हद्दीत नाही," असं म्हणून त्यांनी 'सांस्कृतिक' वर खूण केली. आवाज कमी ठेवा, एवढी एकच अट घातली. बाहेर पडताना म्हणाले, "तुमी मास्तर आहात म्हणून सांगतो. पोट्टे लोक येऊन गोंधळ करतात ह्या दिवशी. काही झालं तर फोन लावा."

आता फलक. ह्या फलकाबद्दल मी शक्य तितक्या शांतपणे सांगणार आहे.

मी कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं : 'व्हॅलेंटाईन डे : उगम आणि अर्थ'. चंद्रभानजींनी तो कागद खिशात ठेवला आणि फ्लेक्सवाल्याला मजकूर फोनवरून सांगितला. त्या वेळी ते मानेवाडा चौकात उभे होते आणि शेजारून वरात चालली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो तर लेआउटच्या तोंडाशी मीच उभा. एका लाल बदामाच्या आत माझा फोटो. शाळेनं निरोप दिला तेव्हाचा फोटो. म्हणजे गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर टिळा, आणि चेहऱ्यावर काय करावं हे न कळलेल्या माणसाचं हसू. खाली ठसठशीत अक्षरं : 'व्हॅलेंटाईन डे : संगम आणि अर्ज'. त्याखाली, 'संपर्क : मार्तंड सर'. त्याखाली, 'इच्छुकांनी वेळेवर उपस्थित राहावे'.

मी दूध न घेताच परत आलो. सरिताला हाताला धरून चौकात नेलं. तिनं फलक वरपासून खालपर्यंत वाचला. गणित तपासताना वाचायची तसा.

"स्थळ बरं आहे," ती म्हणाली. "पण वय लपवून राहिले वाटते."

"सरिता, ही थट्टेची गोष्ट नाही. माझी या भागात काही प्रतिष्ठा आहे."

"आहे ना. म्हणून तर हार घातला."

चंद्रभानजींना फोन केला. ते आनंदात होते. फलक आणखी तीन चौकांत लागला होता आणि फोटो त्यांनी ओळखीच्या सगळ्यांना पाठवून दिला होता. "चुकलं तर चुकलं, सर! लोकं विचारून राहिले ना? गुडघ्याच्या वेळेस कोणी विचारलं होतं?"

लोक खरंच विचारत होते. मला दिवसभर फोन आले. एका बाईंनी मुलगा इंजिनिअर आहे, अर्जासोबत पत्रिका जोडायची का, असं विचारलं. एक गृहस्थ म्हणाले, मुलीचं आधीच जमलेलं आहे, ते मोडता येईल का? मी प्रत्येकाला हे व्याख्यान आहे, रोमचा इतिहास आहे, असं समजावलं. प्रत्येकानं ते समजून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मग अर्ज तिथंच मिळेल ना?"

शनिवार उजाडला. समाजभवनात मी वेळेच्या आधी पोचलो, तर बसायला जागा नव्हती. गुडघ्यांना पंधरा-वीस लोक आले होते. आज खुर्च्या संपून लोक सतरंज्यांवर बसले होते. बहुतेक आया. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मुलाचा किंवा मुलीचा फोटो. त्या आल्या आल्या एकमेकींच्या पिशव्यांकडे बघू लागल्या आणि माझ्याशिवायच कार्यक्रम सुरू झाला. मंचावर थर्माकोलचा बदाम, त्याला फुगे. फेब्रुवारीतलं नागपूरचं ऊन खिडकीतून आत आलं की एक फुगा फुटायचा आणि पहिल्या रांगेतले आजोबा छातीला हात लावायचे.

चंद्रभानजींनी सगळ्यांना फोन बंद करायला सांगितलं आणि माझा फोन स्वतःच्या खिशात ठेवून घेतला. "मुख्य वक्त्यानं बिनधास राहावं," म्हणाले. पाण्याचे जग कमी पडले म्हणून सरिता आणायला घरी गेली. आणि मी माइकसमोर उभा राहिलो.

"मित्रहो," मी सुरुवात केली, "व्हॅलेंटाईन हा इंग्रज नव्हता."

तेवढ्यात दारात आठ-दहा तरुण येऊन उभे राहिले. कपाळावर गंध, हातात काठ्या, चेहऱ्यावर संस्कृतीची काळजी. पुढचा म्हणाला, "हे काय चालू आहे? बंद करा! हे आपल्या संस्कृतीत बसत नाही!" मी हवालदारांची आठवण काढली आणि खिसा चाचपला. फोन चंद्रभानजींकडे होता. तोच तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या.

"अरे, तू इथं काहून आला?"

"आई?" काठीवाला म्हणाला.

"बरं झालं आला. ती काठी ठेव तिकडं. ह्या बघ, ह्या मावशीची पोरगी बँकेत आहे. इकडं बस. आणि शर्ट खोच."

तो बसला. त्याच्यामागचे थोडा वेळ अवघडून उभे राहिले. मग जिजाबाईंनी त्यांच्या हातात आलूबोंड्यांच्या प्लेटा दिल्या आणि संस्कृतीचा प्रश्न तेवढ्यापुरता मिटला.

मी पुन्हा सुरुवात केली. "तर मित्रहो, इंग्रज नव्हता..." आणि मंचाच्या कडेला चंद्रभानजींच्या खिशात माझा फोन वाजायला लागला. त्यांनी तो घेतला. एका कानात बोट घालून, रेल्वेच्या फलाटावर बोलतात तशा आवाजात ते बोलू लागले, त्यामुळे माझं व्याख्यान आणि त्यांचं संभाषण सभेनं एकाच वेळी ऐकलं.

"हॅलो! कोण? ताई का? नमस्कार जी!... सर? सर कामात आहेत जी, इथं अर्जवाल्यांची लई गर्दी आहे!... कोण, सरितावहिनी? त्या तर गेल्या जी!... हो ना, गेल्या! आत्ताच, थोडा वेळ झाला!... नाही, अचानक!... हॅलो? हॅलो?"

फोन बंद झाला. "तुमच्या बहिणीचा होता," त्यांनी मला हातानंच खूण केली. मी मान हलवली आणि रोमकडे वळलो.

ताईकडे काय झालं ते मला नंतर कळलं. तिचा मुलगा स्वानंद. त्यानं फलकाचा फोटो सकाळी गंमत म्हणून तिला दाखवला आणि कामाला निघून गेला. ताईला त्यात गंमत दिसली नाही. तिला हार घातलेला भाऊ दिसला, बदाम दिसला, आणि 'इच्छुकांनी' हा शब्द दिसला. ती बराच वेळ फोटो समोर धरून बसली. मग तिनं मला फोन केला, आणि चंद्रभानजींनी तिला सांगितलं की सरिता गेली.

मी पक्ष्यांवर आलो होतो. जुन्या काळी इंग्लंडात अशी समजूत होती की ह्याच दिवशी पाखरं आपापला जोडीदार निवडतात, हे मी सांगत होतो, आणि लोक पहिल्यांदाच जरा ऐकू लागले होते. तेव्हा दारातून शोभाताई आत आली.

मी तिला ओळखलंच नाही. माझी ताई घराबाहेर पडताना आरशासमोर किती वेळ घालवते हे मला माहीत आहे. आज ती घरातल्या सुती पातळात होती, केस अर्धवट बांधलेले, एका पायात तिची चप्पल आणि दुसऱ्यात स्वानंदची. तिच्यामागे एक ऑटोवाला. त्याचेही डोळे लाल. ती सरळ मधल्या वाटेनं मंचापाशी आली, तिनं थर्माकोलच्या बदामाकडे पाहिलं, पिशव्या घेऊन बसलेल्या आयांकडे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"मार्तंडा," ती म्हणाली, "लाज नाही वाटत तुला?"

माइक चालू होता. माझ्या लाजेची चौकशी चौकापर्यंत ऐकू गेली.

"ताई, तू? काय झालं?"

"मला विचारतोस काय झालं? पोर गेली आणि मला कळवलंही नाहीस! तिची राख निवली नाही, आणि तू इथं हार घालून अर्ज मागवतोस? एवढी वर्षं तिनं तुझं केलं..." ती मंचाची कड धरून खालीच बसली. "मी तिच्या घरी एकदाही गेले नाही रे. एकदाही नाही. येईन येईन म्हणत राहिले. ऑटोत बसले आणि बघते तर किती थोडा वेळ लागला. एवढासा रस्ता आणि मी..."

सभागृहात कोणी हललं नाही. काय घोटाळा झाला हे मला अजून कळलं नव्हतं. एवढंच दिसत होतं की मी लहानपणी तापानं फणफणलो होतो तेव्हा रडली होती तशी माझी म्हातारी ताई रडते आहे.

आणि मागच्या दारातून, दोन्ही हातांत पाण्याचे जग घेऊन, सरिता आली.

"हे काय? सगळे एवढे चूप काहून?" ती म्हणाली. मग तिला ताई दिसली. "ताई? तुमी इथं?"

ताईनं मान वर केली. ती सरिताकडे बघतच राहिली. मग उठली, अडखळत तिच्यापर्यंत गेली, आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून बोटांनी चाचपू लागली. कपाळ, गाल, कान. बाजारात भाजी निवडावी तशी.

"तू आहेस ना वं?" ताई म्हणाली. "जिवंत आहेस ना?"

"आहे ना, ताई. पाणी आणायले गेली होती."

चंद्रभानजींचा चेहरा त्या क्षणी उतरला. "गेल्या म्हणजे... पाण्याले गेल्या, असं सांगायचं राहूनच गेलं जी," ते पुटपुटले. ताईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. रेल्वेत जन्म काढलेला माणूस, पण अशा नजरेसमोर त्यांनी कधी गाडी नेली नसावी. ते मागे सरले आणि फुग्यावर बसले. फुगा फुटला.

त्या आवाजानं सगळ्यांचा ताबा सुटला. कोण हसतंय आणि कोण रडतंय हे कळेना. आया पदर डोळ्यांना लावून हसत होत्या, काठीवाल्या पोरानं ताईसाठी खुर्ची आणली, ऑटोवाला प्रत्येकाला सांगत होता, "माउली सारा रस्ता रडत आली जी. सिग्नलवर मी बी रडलो." ताईनं मात्र सरिताचा हात धरला होता तो सोडला नाही. आणि सरिता? इतकी वर्षं मी तिला ओळखतो. दुसऱ्या हातातला जग खाली ठेवून ती म्हणाली, "पाहा ताई. तुमाले आणायचं तर मले मरावं लागलं."

"बोल," ताई म्हणाली. "बोल काय बोलायचं ते. ऐकून घेते आज."

सरितानं वाकून ताईच्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाली, "चला घरी. आधी धड चपला घाला."

अशा रीतीनं माझं व्याख्यान पाखरांवर थांबलं. कोणी थांबू नका म्हटलं नाही. मी माइक बंद करून खाली उतरलो तेव्हा लोक माझ्याकडे न बघता आपापल्या पिशव्यांकडे वळले होते, आणि नंतर कळलं की त्या सकाळी दोन ठिकाणी बघण्याचे कार्यक्रम ठरले. त्याचं श्रेय मंडळाच्या अहवालात चंद्रभानजींच्या नावावर आहे. माझं नाव 'इतर उपस्थित' मध्ये आहे.

घरी आल्यावर ताई आधी सगळं घर हिंडली. प्रत्येक खोलीत. परीक्षा घ्यायला आल्यासारखी. गॅस खिडकीसमोर ठेवलाय हे चुकीचं आहे, वारा लागतो. पडदे जरा गडद हवे होते. मयुराचा फोटो मात्र छान आलाय. सरिता मागून चालत होती आणि "हो ताई", "बघू ताई", "ते तसंच राहील ताई" अशी उत्तरं देत होती. मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि दार अर्धं लोटलं गेलं. मी बाहेर झोपाळ्यावर बसलो. आतून मधूनच हसण्याचा आवाज यायचा. विषय मी असणार, हे ओळखायला इतिहासाच्या पदवीची गरज नव्हती.

जेवायला सरितानं पाटवड्यांचा रस्सा केला होता. ताईनं वाटी रिकामी करून पुन्हा पुढे केली. ते आम्ही तिघांनीही पाहिलं. मग ताई म्हणाली, "आता सांग रे, काय ते तुझं भाषण होतं. लोकांना सांगून झालं नाही, निदान आम्हाला तरी सांग."

"कशाला, ताई. जाऊ दे."

"सांग म्हटलं ना. कोण होता तो तुझा?"

मग मी सांगितलं. रोमचा एक बादशहा होता. त्याला वाटायचं, लग्न झालेला शिपाई नीट लढत नाही. त्याचा जीव घराकडे ओढ घेतो. म्हणून त्यानं शिपायांच्या लग्नांवर बंदी घातली. आणि एक धर्मगुरू होता, तो चोरून, दारं लावून, त्या पोरापोरींची लग्नं लावून द्यायचा. ही दंतकथा आहे, पुरावा काही नाही, हेही मी प्रामाणिकपणे सांगितलं. पण लोकांनी इतकी वर्षं ती सांगितली, हा पुरावाच आहे, असं माझं मत आहे.

ताई हात थांबवून ऐकत होती.

"आणि त्या पोरापोरींच्या घरचे?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे भाऊ, बहिणी. त्यांनी मग घेतलं का सगळं समजून? गेले का त्यांच्या घरी?"

"ते कुठं लिहिलेलं नाही, ताई."

"मग काय उपयोग त्या इतिहासाचा," ताई म्हणाली.

"गेले असतील, ताई," सरितानं तिच्या ताटात भात वाढत म्हटलं. "कोणी लवकर गेले असतील, कोणी उशिरा."

ताईनं मान खाली घातली. भात कालवला, पण घास उचलला नाही. मग पदराच्या टोकानं डोळे पुसले, नाक ओढलं, आणि रश्शात तिखट जरा जास्त पडलंय वं, असं सरिताला सांगितलं.

रस्सा मीही खाल्ला होता. तिखट नव्हता.